बिनबदलीचा पहारा

दाराला आतून कडी होती. ती रोजच असायची. आसारामने रोजच्यासारखी दोन बोटांनी टकटक केली आणि खिडकीसमोर येऊन उभा राहिला, म्हणजे रंगुबाईला तो नीट दिसावा. पडदा सरकला. गजांमागून रंगुबाईने त्याला टोपीपासून बुटांपर्यंत पाहून घेतलं आणि विचारलं, “कोन हाय?”

“मी.”

“मी कोन?”

त्याला वाटलं, थट्टा करतेय. तिने थट्टा करून बरेच महिने झाले होते, त्यामुळे क्षणभर त्याला बरंच वाटलं. “अगं, आसाराम. काढ कडी. पाय दुखायलेत.”

“ते न्हाईत घरी,” रंगुबाई म्हणाली. “ते आल्यावर या.” आणि तिने पडदा सोडला.

गॅलरीत दुपारचं ऊन होतं. नगरजवळच्या नागापूरच्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सगळ्या खोल्यांची दारं एकाच गॅलरीत उघडायची, त्यामुळे कुणाच्या दारात काय चाललंय ते लपून राहत नसे. दुसऱ्या पाळीचे लोक डबे घेऊन जिन्याकडे निघाले होते. त्यातल्या एकाने विचारलं, “काय हवालदार, बाहेरच?” आसाराम म्हणाला, “हवा खातोय.” तिथे हवा नव्हती. डब्याची पिशवी त्याने या हातातून त्या हातात घेतली आणि टोपी काढून काखेत धरली. फौज सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी हवालदार हे नाव त्याला चिकटलेलं होतं, आणि आता तो एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या फाटकावर पहिल्या पाळीला उभा राहायचा. पेन्शन येत होती. घरात बसून राहिलं की अंगाला मुंग्या येतात, म्हणून तो जायचा. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘कोण?’ विचारून ज्याने पेन्शन कमावली, त्याला तोच प्रश्न कुणी विचारल्यावर ‘मी’ याच्या पलीकडे काही सुचू नये, ही गोष्ट तशी गमतीची होती. त्याने पुन्हा टकटक केली, थोडी जोराने. आत भांडं सरकल्याचा आवाज आला आणि थांबला.

हे कधीतरी होणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. आधी आत्ताचं पुसलं जातं, मग थोडं मागचं, आणि अगदी जुनं सगळ्यात शेवटी. आसारामने ते एखादं ब्रीफिंग ऐकावं तसं ऐकून घेतलं होतं. तिने दोनदा मीठ घातलं, गॅस तसाच ठेवला, धाकट्या दिराच्या लग्नाला जायचंय म्हणून साडी नेसून बसली, हे सगळं त्याने निभावलं. संगमनेरहून मुलगा आला, कल्याण, आणि त्याची बायको राजेश्वरी. दोघांनी समजावून सांगितलं, की आईला आम्ही नेतो, आमच्या घरी दिवसभर माणूस असतं, तुम्हीही चला. आसाराम म्हणाला, माझ्या बायकोला मी सांभाळतो. कल्याणने निघताना ठणकावलं, “बापू, एकदा जरी काही झालं ना, तर मी विचारणार नाही. घेऊन जाणार.” त्याच वेळी त्याने शेजारच्या खोलीत ब्लाउज शिवणाऱ्या आरतीला आपला नंबर देऊन ठेवला, हे आसारामने पाहिलं होतं. आता आरतीचं दार उघडं होतं आणि मशीन चालू होतं. दार फोडलं तर ती बाहेर येणार. हाका मारल्या तर मजला गोळा होणार. आणि संध्याकाळपर्यंत रंगुबाई संगमनेरच्या गाडीत बसलेली असणार. तसं झालं तर या खोलीत आपण एकटे काय करू, ते त्याला अजिबात दिसेना, आणि त्याची त्याला सरळसरळ भीती वाटली.

भीती वाटली की त्याला शिकवलेलं आठवायचं. नगरच्या सेंटरला रंगरूट तयार करताना गार्ड ड्यूटीचा, म्हणजे संत्रीच्या पहाऱ्याचा धडा त्याच्याकडे असायचा. देशाच्या कानाकोपऱ्यातली मिसरूड फुटलेली पोरं उन्हात रांगेने उभी राहून एका सुरात म्हणायची, ‘संत्री पोस्ट छोडेगा नहीं, बैठेगा नहीं, हथियार किसी के हाथ में देगा नहीं.’ बदली म्हणजे काय हे तो स्वतः उभा राहून दाखवायचा. नवा संत्री समोर येतो, गार्ड कमांडर मध्ये उभा राहून हुकूम देतो, तेव्हा जुना मोकळा. ज्याने उभं केलं त्यानेच हलवायचं. बाकी कुणी येवो, साहेब येवो, साहेबाचा बाप येवो, संत्री हलत नाही. शिकवून झालं की काही दिवस जाऊ देऊन तो परीक्षा घ्यायचा, आणि त्याची परीक्षा घेण्याची तऱ्हा सेंटरभर प्रसिद्ध होती. ऐन उन्हात घामाने निथळणाऱ्या एखाद्या पोराजवळ तो जायचा. आसाराम काही त्या पोराचा गार्ड कमांडर नसायचा. आवाज असा मऊ करायचा की लोणी झक मारेल. थक गया बेटा? ला, राइफल इधर दे, दो घूँट पानी पी के आ. पोरगं भाबडं असलं तर डोळ्यांत पाणी आणून रायफल पुढे करायचं. ती हातात आली की आसारामचा आवाज बदलायचा, आणि पुढचा सगळा आठवडा त्या पोराला मैदानाला फेऱ्या. ओरडणाऱ्याला कुणीही नाही म्हणतं, असं तो इतर हवालदारांना सांगायचा. मऊ बोलणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे.

त्याने घसा साफ केला आणि खिडकीपाशी जाऊन आवाज मऊ केला. इतक्या वर्षांनी तो आवाज बरोबर लागला याचं त्याला आश्चर्य वाटलं. “बाई, मला आसारामनंच पाठवलंय. म्हणाले, घरी निरोप द्या, आत बसा, चहा घ्या. ते मागनं येतायत.”

पडदा हलला नाही. आतून आवाज आला, अगदी दाराजवळून. “ते तसं कुनाला पाठवत न्हाईत.”

“अहो, त्यांनीच सांगितलं.”

“त्यांनी पाठवलं म्हनला तरी उघडायचं न्हाई, आसं त्यांनीच सांगून ठिवलंय.”

आसाराम खिडकीपासून दाराकडे वळला. छातीत काहीतरी भरून आलं आणि ते दुःख नव्हतं. चांगला संत्री पाहिल्यावर जे व्हायचं तेच होतं. शंभरात एखादं पोर असं निघायचं. हा हुकूम कधीचा, हे त्याला लगेच कळलं. जामखेडकडच्या वस्तीवरचा. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती आणि कल्याण तेव्हा रांगत होता. दसरा सरला की तिकडचं गाव बैलगाड्यांवर संसार लादून ऊस तोडायला पश्चिमेच्या कारखान्यांना निघून जायचं. त्याचे आईबाप, भाऊ, भावजया सगळे जायचे. मागे राहायच्या म्हाताऱ्या, कुत्री आणि लहान पोरांच्या आया. वस्तीवर रंगुबाई आणि ऐकू न येणारी चुलती बायडाबाई, एवढीच माणसं. दूरच्या चौकीवर पहारा करताना त्याच्या डोळ्यांपुढे ते कुडाचं दार यायचं. आपण सरकारी दारूगोळ्यावर संगीन लावून उभे, आणि आपल्या दाराला साधी साखळी, हे त्याला सोसायचं नाही. म्हणून रजेवर आल्यावर त्याने तिला पढवलं. आधी कोण ते विचारायचं. नाव सांगितलं तरी उघडायचं नाही. मी पाठवलंय म्हटलं तरी नाही. मला डोळ्यांनी बघितल्याशिवाय साखळी काढायची नाही. ती मान हलवायची. म्हणून दाखव, म्हटलं की म्हणून दाखवायची, पदर तोंडाला लावून. आणि मग त्याने परीक्षा घेतली. पुढच्या रजेला येताना गावाच्या फाट्यावर उतरून अंधार पडायच्या आत वस्ती गाठली, दाराबाहेर उभा राहिला आणि आवाज घोगरा करून म्हणाला, पाव्हणा हाय, तहान लागलीय, पानी द्या. साखळी खळकन निघाली. ती तांब्या घेऊन दारात आली, चेहऱ्यावर हसू. ते हसू पाहून तो संतापला होता. परक्या माणसासाठी दार उघडते आणि वर हसते! त्याने तिला नाही नाही ते ऐकवलं, आणि सबंध रजा तिच्याशी धड बोलला नाही. कल्याणला मांडीवर घेऊन बसायचा आणि जे सांगायचं ते कल्याणला सांगायचा. परत जाताना गाडीत त्याला वाटलं होतं, जरा जास्तच झालं. पण आता जन्मभर विसरणार नाही, हेही वाटलं होतं. आणि ती विसरली नव्हती. सगळं विसरली होती, तेवढं नव्हती.

खिशातला मोबाईल वाजला. कल्याण. “जेवलात का बापू? आई बरी आहे?” “बरी आहे,” आसाराम म्हणाला. “आत आहे.” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. “फोन द्या ना तिच्याकडे.” “झोपलीय,” तो म्हणाला, आणि ही मात्र खोटी होती. पलीकडून कल्याण म्हणाला, “बाहेरचे आवाज येतायत.” “गॅलरीत आहे. हवा खातोय.” फोन ठेवला तेव्हा आरती आपल्या दारात उभी होती, गळ्यात टेप, ओठांत टाचणी. टाचणी काढून ती म्हणाली, “काका, काकू उघडत नाहीत का? मी बोलू?”

“नको. उघडेल.”

“मगाधरनं बघतीय मी.”

“कल्याणला कळवू नको, आरती. एवढं ऐक.”

तिने टाचणी पुन्हा ओठांत धरली. आतून प्लास्टिकची खुर्ची आणून त्याच्या खिडकीखाली ठेवली आणि गेली. मशीन पुन्हा सुरू झालं. संत्री बसत नाही, पण आपण आत्ता संत्री नाही, मग आपण कोण, असा विचार करत तो बसला. रणगाड्यांच्या सरावाचे धमाके लांबून यायला लागले. नगरला त्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही, खिडकीच्या काचा तेवढ्या गुणगुणतात. बुटांत पाय सुजले होते. तहान लागली होती, खरोखरची. त्याने काही ठरवलं नव्हतं, नाटक करायचं मनात नव्हतं; तोंडातून शब्द गेले तेच मुळी परक्याचे. “बाई, प्यायला पाणी मिळेल का?”

बऱ्याच वेळाने पडदा सरकला. स्टीलचा पेला गजांतून बाहेर आला. “गजातनंच घ्या. दार न्हाई उघडायचं.”

त्याने पेला घेतला. तिचे हात ओले होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. ती खिडकीतून गेली नाही. पाणी पिणाऱ्या माणसाकडे पाहायची तिची जुनी सवय होती. “उन्हाचं फिरता?” तिने विचारलं.

“पहाऱ्याची नोकरी आहे.”

“आमच्या मालकांची बी तीच हाय.” तिच्या आवाजात ओळख निघाल्याचा आनंद होता. “लांब आस्त्यात. कवा येत्याल, कळत न्हाई.”

“एकट्याच राहता. भीती वाटत नसेल?”

असं तिला त्याने पूर्वी कधी विचारलं नव्हतं, आणि अहोजाहो तर जन्मात केलं नव्हतं. रंगुबाईने गजांना धरलं. “वाटती की. लई वाटती. रातच्याला भांडं जरी पडलं तरी पोराला छातीशी धरून बसते. पर त्यांना न्हाई सांगत. त्यांनी मला पढवून ठिवलंय न्हवं, मग भीती वाटती आसं कसं सांगायचं?” गज न सोडता ती पुढे म्हणाली, “येकदा उघडलं हुतं मी दार.”

“असं?”

“ते सोताच आल्ते, आवाज बदलून. म्हनले, पाव्हना हाय, पानी द्या. आता मला काय त्यांचा आवाज कळंना व्हय? आन् कुडाच्या फटीतनं बूट दिसत हुते. मला आसं हसू आलं. म्हनलं, नवरा इतक्या दिसांनी घरी आलाय आन् माज्यासंगं खेळतोय. तांब्या घेऊन पळतच गेले.”

आसारामने पेला दोन्ही हातांत धरला. “मग?”

“मग काय. लई बोलले. मानसाला कळती का तुला, म्हनले, मेली आस्तीस आज. रजा सरंस्तवर बोलले न्हाईत माज्याशी. जे बोलायचं ते पोराशी.”

“तुम्ही सांगायचं होतं. ओळखलं होतं म्हणून.”

“इचारलं कुठं त्यांनी?” ती अगदी साधेपणाने म्हणाली, त्यात तक्रार नव्हती. हात पुढे करून तिने रिकामा पेला मागितला. “तवापासनं वळखलं तरी उघडत न्हाई.”

पेला गजांतून आत गेला. त्याला बोलायचं होतं, पण नेमकं कुणी बोलायचं ते ठरेना. वस्तीवरच्या त्या दारात उभा असलेला बूटवाला मनुष्य त्याला स्वच्छ दिसत होता, आणि त्या माणसाला दोन थोबाडीत ठेवून द्याव्यात असं त्याला वाटलं. चांगला संत्री म्हणून मघाशी फुगलेली छाती आता दुखत होती. इतक्या सगळ्या रजा, स्टेशनवरून येताना ट्रंकेत तिच्यासाठी आणलेले शाली-स्वेटर, ते प्रत्येक वेळी साखळी काढण्याआधी तिचं थबकणं, ज्याला तो शिस्त समजत आला. कोण म्हणून ती विचारायची, तो ‘शाबास’ म्हणायचा. एकदाही त्याला शंका आली नाही. “आणि आता?” त्याने शेवटी विचारलं. “मला ओळखलंत का तुम्ही?”

रंगुबाई त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत काही हललं की नुसता उन्हाचा कवडसा होता, हे त्याला सांगता आलं नसतं. दूर एक धमाका झाला, काच गुणगुणली. “पानी आनू का आजून?” तिने विचारलं.

“नको.” मग तो खुर्चीवरून उठला, सावधानमध्ये उभा राहावं तसा उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, तुमची बदली झाली. तुम्ही मोकळ्या झालात आता. निवांत बसा.”

“आसं कसं? सयपाक व्हायचाय. ते आले म्हंजी?” असं म्हणून ती आत गेली, आणि थोड्या वेळाने पीठ चाळल्याचा आवाज येऊ लागला.

तो कठड्याला टेकून उभा राहिला. सकाळी तो जातो, तेव्हापासून ती या दारामागे उभी असते. परवाही होती, तेरवाही होती. माझ्या बायकोला मी सांभाळतो, असं पोराला तोंड वर करून सांगून आपण फाटकावर जातो आणि ती इकडे तोच पहारा करते. तिला मोकळं करू शकेल असा एकच मनुष्य जगात होता, आणि त्याला ती ओळखत नव्हती, किंवा ओळखूनही येऊ द्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. यातलं कुठलं खरं, हे कळून आता काही उपयोग नव्हता. कल्याणच्या घरी दार सदा उघडं असतं. पोरं आत-बाहेर करतात, दूधवाला थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. आसारामला ते घर कधी आवडलं नव्हतं. धर्मशाळा आहे नुसती, असं तो म्हणायचा. त्याने मोबाईल काढला. नाव दाबण्याआधी बराच वेळ तो ते नाव वाचत राहिला.

“कल्याण, आईला घेऊन जा.”

“काय झालं बापू?”

“काही झालं नाही. ये.” आणि मग, कारण दिल्याशिवाय पोरगा गाडी पळवत येईल म्हणून, तो म्हणाला, “सावकाश ये. ती भाकरी करतीय.”

ऊन कलून गॅलरी सावलीत गेली तेव्हा कल्याण आणि राजेश्वरी आले. तोवर भाकरी झाल्या होत्या. जळल्याचा वास आला नाही याची आसारामने नोंद घेतली होती. कल्याणने बापाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. दारावर थाप मारून म्हणाला, “आई, मी आलोय गं.” कडी लगेच निघाली. पोटच्या पोराला कुठला आलाय हुकूम. “आलास व्हय,” रंगुबाई म्हणाली आणि त्याच्या गालावर पिठाचा हात फिरवला. संगमनेरला जायचंय म्हटल्यावर तिने एकच विचारलं, की आजच? राजेश्वरी आत जाऊन कपडे भरायला लागली. तिने बाहेर येऊन सासऱ्याला म्हटलं, “बापू, तुम्हीपण चला ना. आजच चला.” तो म्हणाला, “येईन. नोकरीचं बघतो अन् येईन.” राजेश्वरीने तोंडाकडे पाहिलं आणि आग्रह केला नाही. दार सताड उघडं होतं. आसाराम आत गेला नाही. दाराशेजारी भिंतीला लागून तो उभा होता, टोपी पुन्हा डोक्यावर घातलेली, आणि तो असा उभा का आहे हे विचारायला कल्याणचं धाडस होत नव्हतं.

पिशवी घेऊन कल्याण पुढे झाला. रंगुबाई उंबऱ्यातून बाहेर आली, पदर सारखा केला आणि आसारामपाशी थांबली. “तुमी हितंच आस्ता न्हवं?”

“हो.”

“मग येक काम करा. आमचे मालक आले तर सांगा, पोराकडं गेलीया. भाकरी झाकून ठिवल्यात म्हनावं.” ती दोन पावलं गेली आणि वळली. “आन् कडी घालू नका बरं का. ते आले आन् दारात थांबायची पाळी आली, तर त्यांना लई राग येतो.”

“नाही घालत,” आसाराम म्हणाला.

कल्याणने तोंड फिरवलं. राजेश्वरीने सासूचा हात धरला आणि तिघं जिना उतरली. आरतीचं मशीन थांबलेलं होतं. खाली गाडीची दारं लागली, गाडी वळली आणि मनमाड रस्त्याच्या गर्दीत शिरली. आसाराम गॅलरीत उभा होता. दार उघडं होतं, आणि आत जायला त्याला आता कुणाची आडकाठी नव्हती.